लुमेनआधी बटण पाहावे
पहिली टॉर्च निवडताना नवशिक्यांचे लक्ष बहुधा लुमेनच्या, म्हणजे एकूण प्रकाशाच्या मापाच्या, आकड्यावर खिळते. आपण मात्र आधी तिचे बटण पाहावे, असे मी सुचवेन. प्रकाश दुप्पट भासण्यासाठी लुमेन सुमारे चौपट लागतात आणि छोट्या टॉर्चचा सर्वोच्च प्रकाश ती तापू लागताच काही मिनिटांत आपोआप उतरतो, त्यामुळे खोक्यावरच्या आकड्याने हुरळून जाऊ नये.

मला शेपटीकडचे, खटकन दबणारे यांत्रिक बटण आवडते, कारण ते अंधारात न चाचपडता सापडते आणि बंद केल्यावर वीजप्रवाह खरोखर तुटतो. बाजूचे इलेक्ट्रॉनिक बटण दाबून धरले की प्रकाश हवा तसा कमी-जास्त करता येतो, ही सोय मोठी आहे. परंतु अशी शक्तिशाली टॉर्च खिशात चुकून पेटली, तर कापड करपण्याइतकी तापू शकते. म्हणून खिशात टाकण्यापूर्वी मागचे झाकण पाव फेरा सैल करावे. आटे ॲनोडाइज केलेले (म्हणजे वीज न वाहणारा थर चढवलेले) असतील, तर एवढ्याने संपर्क तुटतो. आटे उघड्या धातूचे असल्यास बटणाच्या इलेक्ट्रॉनिक कुलपावर (बटण चुकून दबले तरी टॉर्च पेटू न देणाऱ्या सोयीवर) विसंबावे लागते.

रात्री शेजारी कोणी झोपलेले असताना 1 लुमेनहून कमी प्रकाश पुरतो, आणि तो बंद अवस्थेतून थेट मिळायला हवा. आधी डोळे दिपवून मग मंद होणारी टॉर्च मी घेत नाही. ज्या रचनेत नेहमीच्या प्रकाशपायऱ्यांमध्येच लुकलुकणारा स्ट्रोब घुसडलेला असतो (तो नेमका कोणाला हवा असतो, देव जाणे), तीही टाळावी.