कान्हेरी बघायची तर आधी वर चढा

प्रश्न : मार्चअखेरीस बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात एक दिवस काढायचा आहे. कान्हेरी लेणी आणि थोडी डोंगरभटकंती, दोन्ही जमेल का? सोबत ६५ वर्षांची आई आहे, तिचे गुडघे दुखतात.
– एक वाचक, पालघर

उत्तर : जमेल, पण क्रम उलटा ठेवा. बहुतेक जण दाराजवळच्या तीन नंबरच्या चैत्यगृहातच, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहातच रमतात आणि अकरानंतर वर चढायला लागतात. तोवर काळा कातळ तापलेला असतो, वर सावली फारशी नाही, आणि बाटलीतलं पाणी निम्म्यावर आलेलं असतं. चक्कर येते ती तिथेच. तुम्ही सकाळीच वरचा टप्पा उरका आणि ऊन चढल्यावर चैत्यगृहात शिरा. आत गारवा असतो. आईंनी तीन आणि अकरा नंबरची लेणी सावकाश पाहावीत. अकरामधल्या दोन लांब, बुटक्या दगडी बाकांची रचना मुद्दाम बघण्याजोगी आहे.

सोमवारी उद्यान बंद असतं. लवकरची डहाणू लोकल पकडून बोरिवलीला पूर्वेला उतरा. फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. बस मिळते, रविवारी मात्र रांग लागते. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्याउतरल्या विचारून घ्या. उद्यानाचं आणि लेण्यांचं तिकीट वेगवेगळं काढावं लागतं.

कातळातल्या पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात. त्यावर वाळलेला पाला आणि बारीक खडी पसरलेली असते, म्हणून चढण्यापेक्षा उतरताना पाय जास्त सटकतो. चपला नकोत, खोल खाचांच्या रबरी तळव्याचे बूट घाला आणि उतरताना पाऊल आडवं टाका. माणशी दोन लिटर पाणी हवंच. खाऊ हातातल्या पिशवीत नको, बंद सॅकमध्ये ठेवा. माकडं पिशवीच ओढतात.

वर गेल्यावर पोढ्या नीट पाहा, म्हणजे लेण्यांशेजारी खोदलेली पाण्याची टाकी. उतारावरच्या कातळात बोटभर रुंदीचे चर दिसतील. त्यांचा माग काढत गेलात की चर टाक्याच्या तोंडाशी पोचतो. पावसाचं पाणी असं वळवून साठवायचं आणि उन्हाळा काढायचा, म्हणून तर शंभरावर लेण्यांची ही वस्ती इथे शतकानुशतकं नांदली. आमच्या मते कान्हेरीत मूर्तींइतकंच हे पाहण्यासारखं आहे. टाक्यांतलं पाणी मात्र पिऊ नका.

लेण्यांच्या पलीकडे पायवाट दिसली म्हणून जंगलात शिरू नका. हा बिबट्यांचा मुलूख आहे. उद्यानातली शिलोंड्याची जंगलवाट करायची असेल तर आधी परवानगी घ्या आणि मार्गदर्शकासोबतच जा. लेणी आणि ही वाट एकाच दिवशी आईंसोबत करू नयेत.

प्रश्न : त्याच फेरीत कारवीचा फुलोरा दिसेल का?

उत्तर : नाही. इथली कारवी आठ वर्षांनी आणि पावसाळा सरताना फुलते. २०१६ नंतर ती २०२४ला फुलली, आता २०३२. मार्चअखेरीस पळस ओसरत आलेला असतो, पण कुसुंबाची कोवळी लालभडक पालवी भरात असते. बसच्या खिडकीतूनही दिसेल.