निवृत्त भटजी-कीर्तनकारांना ऑनलाइन परिषदेसाठी एकत्र बसवावे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुरोहित आणि कीर्तनकारांची दोन दिवसांची परिषद ऑनलाइन भरते आहे, गोव्यातल्या फोंड्याच्या आसपास तुमच्या ओळखीतले काही निवृत्त भटमाम (भटजी) आणि कीर्तनकार बुवा आहेत, लिंक ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आली आहे, मग त्यांना एका जागी जमवण्यात काही अर्थ आहे का, आणि जमवायचे तर कसे?

जमवा. पण परिषद हे निमित्त धरा. पूर्ण कार्यक्रम दाखवायचाच, असे ठरवून बसाल तर दुपारी दोनपर्यंत निम्मे पेंगतील आणि उरलेले घरी कधी सोडणार म्हणून विचारतील. मी देवस्थानांच्या अग्रशाळांत (भक्तांच्या उतरण्याच्या, समारंभांच्या इमारतींत) साउंड आणि प्रोजेक्टर लावण्याचे काम करतो, अशा बैठकाही लावून दिल्या आहेत, तेव्हा हे बघून सांगतोय.

पाद्रींचे उदाहरण घ्या. चर्चच्या कायद्यात पॅरिश सांभाळणाऱ्या पाद्रीने 75 वर्षे पूर्ण झाली की बिशपकडे राजीनामा द्यावा, असे सांगितले आहे. पर्वरीला वृद्ध पाद्रींसाठी घरही आहे, म्हणजे तिथे माणसे मुळातच एका छपराखाली असतात. आमच्या भटमामांना निवृत्तीची तारीखच नसते. गुडघे बोलू लागतात, आवाज बसतो आणि यजमान हळूच दुसऱ्याला बोलावतात. मुलगा पुण्याला, सून नोकरीवर. ज्यांच्यासोबत पन्नास वर्षे लघुरुद्र केले ते दोन वाड्यांपलीकडे राहतात, पण भेट होते ती कुणाच्या तरी बाराव्याला. अशांना घरच्या कोपऱ्यात पाच इंची पडद्यावर परिषद दाखवून काय साधणार?

शिवाय काही गोष्टी ऑनलाइन होतच नाहीत. झूमवर आवाज पोचायला किंचित उशीर लागतो, त्यामुळे वेगवेगळ्या घरांतून एकत्र शांतिपाठ म्हणायला गेलात तर नुसता गलका होतो. एका खोलीत बसवा, मग ऐका. गेल्या खेपेला पडद्यावर एक तरुण पुरुषसूक्त म्हणत होता. आमच्याकडचे बहुतेक ऋग्वेदी. लहानपणी गुरूने डोके धरून स्वर शिकवलेले, त्यामुळे अनुदात्ताला (खालच्या स्वराला) मान आपोआप खाली जाते. सगळ्या माना एका लयीत चालल्या होत्या. एका ठिकाणी त्या पोराचा स्वर घसरला आणि माना जागच्या जागी थांबल्या. कडेला बसलेल्या सर्वांत थोरल्या भटमामांनी ती ऋचा पुटपुटत बरोबर म्हटली, तेव्हा कुठे बाकीचे पुढे सरकले. पडद्यावरच्यांना याचा पत्ता नाही, कारण आमचा माइक बंद होता.

आता तारीख. परिषदेची तारीख तुमच्या हातात नाही, पण आयोजकांशी बोलणे होत असेल तर पंचांग पुढे ठेवून बोला. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या आणि प्रतिपदा हे अनध्यायाचे, म्हणजे वेदपठण बंद ठेवण्याचे दिवस. त्या दिवशी वेदपठणाचे सत्र ठेवले तर जुनी माणसे नुसती बसून राहतील, तोंड उघडणार नाहीत. गणेश चवथीच्या आसपास नकोच, तेव्हा निवृत्त भटमामालाही कुणी सोडत नाही. मंगेशीसारख्या ठिकाणी सोमवारी पालखी असते, संध्याकाळी तिथे शांतता मागू नका. लग्नसराईत अग्रशाळा मिळणे कठीण, म्हणून देवस्थानच्या महाजनांच्या कमिटीला आधीच पत्र द्या. आणि खोली तळमजल्याचीच घ्या, संडास जवळ असलेली. वरच्या मजल्यावरचा हॉल कितीही चांगला असला तरी घेऊ नका.

आवाजाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण बैठक तिथेच बिघडते. अग्रशाळेचे छप्पर उंच, खाली फरशी, त्यामुळे शब्द घुमतो. जमिनीवर जाड सतरंज्या पसरा, खुर्च्या त्यावर मांडा (हात टेकायला दांडे असलेल्या, नाहीतर उठताना पंचाईत). लग्नातला मोठा स्पीकर आणू नका. वयानुसार आधी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, व्यंजने पुसट होतात. आवाज येतो पण शब्द कळत नाही, अशी तक्रार असते ती यामुळे. तेव्हा दोन लहान स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, जवळ ठेवा आणि बास (खर्जाचा आवाज) कमी करा. आमची पोरे उलट बास वाढवतात आणि मग म्हातारे ऐकत नाहीत म्हणून ओरडतात.

खोलीत आवाज एकाच लॅपटॉपचा. नातवाने शिकवलेले असते म्हणून कुणीतरी खिशातल्या मोबाइलवरूनही जॉइन होतो, आणि मग अशी शिट्टी वाजते की कानातले यंत्र काढून ठेवावे लागते. आल्या आल्या सगळ्यांचे फोन बघून घ्या. बुवा तुमच्या खोलीतून तिकडे कीर्तनाचा नमुना सादर करणार असतील तर झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, नाहीतर पेटी आणि झांजा हा गोंगाट आहे असे समजून झूम तो गिळून टाकते. आदल्या संध्याकाळी रंगीत तालीम घ्या. तुम्ही तुमच्याच फुकटच्या खात्यावर घेतलीत तर ती 40 मिनिटांत तुटते, तेवढी पुरे आहे. पावसाळा असेल तर राउटर इन्व्हर्टरवर घ्या आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट तयार ठेवा. व्हिडिओला तासाला जीबीभर डेटा सहज जातो.

दोन दिवसांतली सत्रे निवडा. माझ्या मते सकाळी एक, दुपारच्या झोपेनंतर एक, बस्स. मधला वेळ मोकळा सोडा आणि तिथे सूत्रसंचालन करायला जाऊ नका. कुठल्या गावी कोणी संथा (वेदपाठाचे धडे) दिली, कुठल्या सप्ताहात तबलजी पळून गेला, हे सगळे त्या वेळात निघते. अध्यक्षीय भाषण चुकले तर चुकू द्या, त्याचे रेकॉर्डिंग मिळते. सूर्यास्ताच्या सुमारास संध्येला उठणारे उठतील, त्यांना लांबलेल्या प्रश्नोत्तरांसाठी अडवू नका.

जेवण साधे: भात, वरण, खतखते (मिश्र भाज्यांचे कालवण), सोलकढी. खतखत्यात कांदा-लसूण नसतेच, तेफळे असतात, तेव्हा कुणाच्या सोवळ्याचा प्रश्न येत नाही. एकादशी आली तर फराळ. साखर किती जणांना वर्ज्य आहे, ते आधी विचारा.

आणायला-पोचवायला गाडी करा. कदंबा बस वेळेवर आली तरी स्टॉपपासून घाटीच्या पायऱ्या त्यांनाच चढाव्या लागतात.

राहिले दक्षिणेचे. तुम्ही विचारले नाहीत, पण ऐनवेळी गोंधळ होतो. ही माणसे कर्म करायला आलेली नाहीत, पाहुणे म्हणून आली आहेत. पाकीट दिलेत तर एखादा घेईल, दुसऱ्याला अपमान वाटेल आणि मग दोघांत अबोला. विडा-नारळ द्या, आणि गाडीवाल्याचे पैसे परस्पर भागवा. बुवांनी खरोखर कीर्तन केले, तरच त्यांची बिदागी वेगळी, आणि ती सगळ्यांच्या देखत नको.