पगाराचं खातं नंतर, आधी ती पॉलिसी परत करा

स्टुटगार्टहून आलेल्या एका पत्राला रांग मोडून आज उत्तर देतोय. त्यातल्या एका गोष्टीची मुदत अकरा दिवसांत संपते आहे आणि पत्र लिहिणाऱ्याला त्याची कल्पना नाही.

पत्र थोडक्यात असं. वय २९, मूळचे पुण्याचे, गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम. तीन आठवड्यांपूर्वी ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्यावर, जर्मनीत गेले. सध्या कंपनीने दिलेल्या फ्लॅटमध्ये राहतात. पुढच्या एक तारखेपासून स्वतःचं भाड्याचं घर मिळतंय, भाडं ९०० युरो आणि डिपॉझिट २,७०० युरो. पहिला पगार महिनाअखेरीस, हातात साधारण ३,००० युरो येतील. प्रश्न असा: ‘नव्याने आलेल्याला कोणती बँक पटकन खातं देईल आणि सोबत ३,००० युरोचा ओव्हरड्राफ्टही (खात्यात नसलेले पैसे उचलायची सोय) देईल? खातं उघडायला उशीर झाला तर पहिला पगार मित्राच्या खात्यात घेतला तर चालेल का?’

मग अगदी शेवटी, जाता जाता: ‘निघायच्या आठवड्यात आमच्या बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने हमी परताव्याची एक पॉलिसी करून दिली. वर्षाला ३ लाख, १० वर्षं. कागद १९ दिवसांपूर्वी मेलवर आले. त्यामुळे सध्या रोख जरा कमी आहे.’

एक युरो ढोबळमानाने शंभर रुपये धरा. ३ लाख म्हणजे ३,००० युरो. तुम्हाला ओव्हरड्राफ्ट हवाय तोही ३,००० युरोचाच. म्हणजे घराच्या डिपॉझिटचे पैसे तुमच्याकडे होते, ते पॉलिसीत गेले. तेवढेच पैसे आता जर्मनीत कर्जाने उचलायचे म्हणताय. तिथे या ओव्हरड्राफ्टला डिस्पो म्हणतात आणि अनेक बँकांत त्याचा व्याजदर दहा टक्क्यांच्या वर असतो. शिवाय दोन-तीन पगार जमा झाल्याशिवाय नवख्याला तो सहसा मिळतही नाही.

पत्रासोबत पाठवलेला कागदाचा फोटो मी मोठा करून पाहिला. ‘१५ वर्षांनी ५४ लाख’ या आकड्याभोवती निळ्या पेनाने गोल केलाय आणि शेजारी लिहिलंय, ‘जवळपास दुप्पट, टॅक्स फ्री’. भरायचे ३० लाख, मिळायचे ५४. पण पहिला हप्ता पंधरा वर्षं अडकतो आणि शेवटचा सहा वर्षं. हे धरून हिशेब केला की परतावा वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या जरा वर येतो. हेच पैसे साध्या साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत गेले असते तर ५९ लाखांच्या आसपास झाले असते. ठेवीचे दर खाली-वर होतील, मान्य. पण ठेव अडीअडचणीला मोडता येते, आणि पाचव्या वर्षी नोकरी गेली म्हणून तिचा पुढचा हप्ता थकत नाही.

‘टॅक्स फ्री’चंही तसंच. जर्मनीचे रहिवासी झालात की तुमचं जगभरातलं उत्पन्न तिथल्या कराच्या कक्षेत येतं. व्याज आणि नफ्यावर तिथे साधारण २६ टक्के कर आहे. भारतातली सवलत जर्मनीला बांधील नाही. हप्त्यावर आयकरात मिळणारी वजावट म्हणाल, तर पगारच भारतात नसेल तर ती वजा कशातून करणार? आणि विमा म्हणून पाहिलं तर संरक्षण फक्त ३० लाखांचं. आईवडील तुमच्यावर अवलंबून आहेत असं तुम्हीच लिहिलंय. तुमच्या वयाला एक कोटीचा साधा टर्म विमा वर्षाला बारा-पंधरा हजारांत मिळतो.

मला खरा राग आला तो त्या कागदांतल्या एका उत्तराने. अर्जात ‘परदेशात जाण्याचा बेत आहे का’ या रकान्यात ‘नाही’ भरलंय. तुमच्या पासपोर्टवर तेव्हा व्हिसा होता आणि समोरच्या मॅनेजरला ते माहीत होतं, कारण फॉरेक्स कार्डही त्यानेच काढून दिलं होतं. पण सही तुमची आहे. पहिल्या तीन वर्षांत विमा कंपनी चुकीच्या माहितीवर बोट ठेवून दावा नाकारू शकते. म्हणजे ज्या आईवडिलांसाठी विमा, त्यांनाच उद्या कंपनीच्या दारात हेलपाटे.

सुटका अजून आहे. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, त्याला फ्री लुक म्हणतात. थोडं मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची रक्कम कापून बाकी पैसे परत मिळतात. तुमचे १९ दिवस गेले. मॅनेजरला फोन करू नका. तो ‘बघतो’ म्हणेल आणि अकरा दिवस निघून जातील. पॉलिसीवर नोंदवलेल्या मेलवरून थेट विमा कंपनीला लिहा: पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख, ‘अटी मान्य नाहीत, फ्री लुकखाली रद्द करावी’, सोबत रद्द केलेला चेक. तक्रार किंवा विनंती क्रमांक मिळेपर्यंत सोडू नका. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर नोंद करा, त्यानंतर विमा लोकपाल आहेच.

आता त्याच मॅनेजरचा दुसरा सल्ला: ‘पुण्याचं खातं आहे तसंच राहू द्या, नाहीतर हप्ता कापला जाणार नाही.’ नोकरीसाठी देश सोडला की फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानुसार तुम्ही अनिवासी होता. १८२ दिवसांचा नियम आयकराचा, तो वेगळा. साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. ते न केल्याचा दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. पासपोर्ट, व्हिसा आणि परदेशातला पत्ता देऊन बँकेत अर्ज करा. जर्मनीतून पाठवाल त्या पैशांसाठी वेगळं एनआरई खातं उघडा. ते पैसे हवे तेव्हा परत नेता येतात आणि त्यावरचं व्याज भारतात करमुक्त असतं, मात्र जर्मनीत दाखवावं लागतं. एनआरओतून बाहेर न्यायची मर्यादा वर्षाला दहा लाख डॉलर आहे, तुमची अडचण तिथे नाही. या बदलात खातं क्रमांक बदलला तर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, नाहीतर परतावा अडकेल. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येईल, पुढे वाढवता येणार नाही. आणि भारतातलं सिम कार्ड बंद पडू देऊ नका. ओटीपी त्याच नंबरावर येतात, नंबर गेला की घरच्यांना बँकेच्या चकरा.

आता तुमचा प्रश्न. मित्राच्या खात्यात पगार घेऊ नका. तिथे खातं उघडताना ‘हे खातं मी स्वतःसाठी वापरतोय’ असं लिहून द्यावं लागतं. दुसऱ्याचा पगार दिसला तर त्या बिचाऱ्याचं खातं बंद होऊ शकतं. ॲपवाल्या बँकांत बऱ्याचदा पत्त्याच्या नोंदणीआधीही खातं उघडतं. व्हिडिओवर ओळख पटवणं जमलं नाही तर पोस्टात पासपोर्ट घेऊन जा. खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, जर्मनीऐवजी लिथुआनियाचा निघाला तरी कंपनीला तो नाकारता येत नाही, २०१२ चा युरोपीय नियम तसा आहे. कोणी दाद दिली नाही तर कोणत्याही साध्या बँकेत बाझिसकोंटो, म्हणजे मूलभूत खातं, मागा. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाचा तो हक्क आहे आणि अर्जावर बँकेला दहा कामकाजी दिवसांत निर्णय द्यावा लागतो. त्या खात्यावर ओव्हरड्राफ्ट नसतो, आणि तुमच्यासाठी तेच बरं.

आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. तुमची तारीख उलटली आहे, पण ब्युर्गरब्युरोची (नागरिक सेवा कार्यालयाची) पुढच्या आठवड्यातली अपॉइंटमेंट हातात आहे, ती सोडू नका. जाताना फ्लॅटच्या मालकाच्या सहीचा दाखला न्या. त्यानंतर पोस्टाने अकरा आकडी करक्रमांक येतो. तो कंपनीकडे पोहोचला नाही तर पगारातून सहाव्या वर्गाचा, सगळ्यात जड कर कापला जाऊ शकतो. नंतर परत मिळतो, पण पहिल्या महिन्यात हात बांधले जातात.

राहिलं डिपॉझिट. जर्मन कायद्यानुसार भाडेकरूला ते तीन समान मासिक हप्त्यांत देता येतं, पहिला घर ताब्यात घेताना. म्हणजे एक तारखेला डिपॉझिटचे लागतील ९०० युरो, २,७०० नव्हे. पहिला पगार आला की ते आणि पहिलं भाडं दोन्ही निघेल. पुढच्या दोन हप्त्यांपर्यंत पॉलिसीचे पैसे परत आलेले असतील. घरमालकाला आजच दोन ओळींची मेल लिहा की डिपॉझिट तीन हप्त्यांत देणार आहे. पण विमा कंपनीची मेल त्याच्याही आधी.