विणलेली भेट परदेशी पाठवताना: काउंटरवरचा कागद स्वतः भरा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि जुना राग पुन्हा वर आला. ऐरोलीहून मँचेस्टरला दिरांकडे नाताळसाठी विणलेले कपडे पाठवलेत, ते कस्टममध्ये अडकले, सोडवायला जावेला पैसे भरावे लागले, आणि आता यंदा बाळासाठी पाठवावं की नाही असं तुम्ही विचारताय. पाठवा. नक्की पाठवा. फक्त त्याच मार्गाने नको.

लोकर कुठली, सुया कितीच्या, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. फोटोतल्या बाह्यांची घट (टाके कमी करत नेलेला आकार) पाहूनच कळतं की हात बसलेला आहे. म्हणून थेट पार्सलकडे येते.

माझी बहीण लीड्सला असते. तिच्यासाठी कार्डिगन, मेहुण्यांना मफलर, भाचीला स्वेटर-टोपी-मोजे असं सगळं एकाच खोक्यात घालून ठाण्यात स्टेशनजवळच्या एका कुरियर काउंटरवर दिलं होतं. आत काय आहे, कोणासाठी आहे, सगळं सांगितलं. समोरच्या माणसाने वजन केलं, पैसे घेतले आणि हातात फक्त एक पावती दिली. खोक्यावर काय चिकटवलं ते बहिणीने नंतर फोटो काढून पाठवलं तेव्हा दिसलं. पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव नाही, त्यांच्याच कुठल्या तरी कंपनीचं. आतल्या मालाचं वर्णन ‘वूलन गारमेंट्स’, पुढे नग. किंमत त्यांनी मनानेच टाकलेली. ‘गिफ्ट’ हा शब्द कुठेच नाही.

आता हे का महत्त्वाचं, ते सांगते. ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंतच्या भेटवस्तूवर आयातीचा व्हॅट लागत नाही. पण ती भेट एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली हवी, वाढदिवस-सणासारख्या निमित्ताने हवी आणि कस्टमच्या कागदावर तसं लिहिलेलं हवं. पाठवणारी कंपनी दिसली की तो व्यापारी माल झाला, मग २० टक्के व्हॅट आणि वर हाताळणीचा आकार. आणखी एक गोष्ट. तिथे लहान मुलांच्या कपड्यांवर व्हॅट शून्य आहे. पण सरसकट ‘वूलन गारमेंट्स’ लिहिल्यावर भाचीची टोपी कुठली आणि मोठ्यांचं कार्डिगन कुठलं, हे तिथल्या माणसाला कळणार कसं?

परत काउंटरवर गेले तर उत्तर एकच: “आमच्याकडून वेळेत गेलं मॅडम, पुढचं कस्टमचं.” वर्णन चुकीचं आहे म्हटलं, तर म्हणे सगळ्यांचं असंच जातं. तक्रारीचा अर्ज दिला, त्याची साधी पोचही मिळाली नाही. बहिणीने पैसे भरले आणि मला कित्येक दिवस कळूही दिलं नाही, हे मला जास्त लागलं. आपण रात्री जागून टाके घालायचे आणि ते अंगावर चढवायला समोरच्याने दंड भरायचा? ताई, ही चूक तुमची नाही आणि तुमच्या जावेचीही नाही. ज्याचं काम कागद नीट भरणं आहे, त्याने ते केलं नाही.

माझं ठाम मत झालंय की घरगुती भेटीसाठी मोठ्या पोस्टात जावं. तिथे कस्टमचा फॉर्म आपल्या नावावर असतो आणि त्यात काय लिहायचं ते आपल्या हातात असतं. पार्सल घरून चिकटवून नेऊ नका, आतलं पाहायला मागतात. आधारची प्रत आणि चिकटपट्टी बरोबर ठेवा. फॉर्मवर प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत: ‘हाताने विणलेला बाळाचा स्वेटर, १, भेट’. इंग्रजीतच लिहायचं, पण इतकं स्पष्ट. एकाच खोक्यात जाऊबाई, दीर आणि बाळ अशा तिघांच्या भेटी असतील, तर प्रत्येकाची वेगळी पुडी बांधून वर नाव घाला आणि फॉर्मवरही वेगवेगळ्या नोंदवा, म्हणजे ३९ पौंडांची सूट प्रत्येकाला मोजली जाते. किंमत खरी टाका. लोकरीची बिलं जपून ठेवा, विचारलं तर दाखवता येतात. कमी दाखवून वाचवायला जाऊ नका.

मी कस्टमची जाणकार नाही, स्वतःच्या अनुभवावरून आणि नंतर वाचून समजलेलं लिहितेय. पाठवण्याआधी ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर आकडे एकदा तपासा. कोणी अमेरिकेला पाठवणार असेल तर तिथलं गणित वेगळं: ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली आयातकराची सूट ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाली, खऱ्या भेटवस्तूला १०० डॉलरपर्यंत आहे.

आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पार्सल हातावेगळं करा. दिवाळीचा फराळ पाठवणाऱ्यांची गर्दी ओसरलेली असते, नाताळची सुरू व्हायची असते.

एक गोष्ट मात्र पोटतिडकीने सांगते. तुम्ही लिहिलंय की विणून झालेले कपडे डांबरगोळ्या घालून ठेवलेत. बाळाचे कपडे त्यातून आजच काढा. त्या गोळ्यांत नॅप्थलीन हे रसायन असेल, तर काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ बळावते. ज्यांच्यात जी६पीडी हे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असतं त्यांना धोका जास्त. ते कमी आहे हे घरच्यांना बहुतेक वेळा माहीतही नसतं. कपडे कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणाने धुवा, सपाट पसरून वाळवा, नंतर मोकळ्या हवेत ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत लोकर नीट सुकल्याशिवाय पिशवीत बंद करू नका.

बाळाच्या अजून विणायच्या स्वेटरच्या मापाचं विचारलंत ना? सप्टेंबरमधलं बाळ नाताळात तीन महिन्यांचं असेल, पण तिकडची थंडी मार्चपर्यंत चालते. सहा ते नऊ महिन्यांचं माप धरा, तयार स्वेटरची छाती ४८ ते ५० सेंमी. इंटरनेटवरचा अमेरिकन नमुना घेतलात तर सुयांचा नंबर मिलिमीटरमध्ये बघा: आपल्याकडची ८ नंबर ४ मिमी असते, त्यांची ८ नंबर ५ मिमी. गळ्याला बंद नकोत, खांद्यावर दोन बटणं द्या आणि ती दुहेरी दोऱ्याने घट्ट शिवा.