फ्रेडी मर्क्युरी खरंच लाजाळू होता का, आणि होता तर फॅन लोकांचं एवढं प्रेम नेमकं कशावर?

तुम्ही विचारलंय की क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे फॅन सारखे सांगत असतात त्यांचा गायक फ्रेडी मुळात लाजाळू होता म्हणून, पण व्हिडिओ बघावेत तर माणूस पांढरी पॅन्ट घालून सत्तर हजार लोकांना नाचवतोय, मग हे लाजाळूपण म्हणजे फॅननी मागाहून चिकटवलेली गोष्ट तर नाही? आणि समजा खरं असेल तर लोकांचा जीव त्याच्या स्टेजवरच्या रूपावर की त्या लाजाळू माणसावर?

आधीच सांगतो, मी तटस्थ नाहीये. कॅसेटची रीळ अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायचो तेव्हापासून मी फॅन आहे, तेव्हा तेवढं धरून वाचा.

सुरुवात दातांपासून करतो. हसू नका, माझ्यासाठी सगळं तिथूनच सुरू झालं. फ्रेडीच्या वरच्या जबड्यात मागे चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर ढकलले गेलेले. शाळेत त्याला त्यावरून 'बकी' म्हणायचे. पुढे पैसा आला, प्रसिद्धी आली, जगातला कुठलाही डेंटिस्ट परवडला असता, पण त्याने ते काढले नाहीत कारण तोंडाच्या आतली रचना बदलली तर आवाज बदलेल ही भीती. आता जुन्या मुलाखती बघा. बोलता बोलता वरचा ओठ दातांवर ओढून घेतो, हसायला आलं की हात तोंडावर. दरवेळी. माझे स्वतःचे दात असेच पुढे होते, आठवीत तारा लावल्या, त्याआधी वर्गात काय काय ऐकलंय ते इथे लिहीत नाही, पण तो तोंडावर जाणारा हात मी लांबूनसुद्धा ओळखतो. तो हात कुणी नाटक म्हणून करत नाही, ती सवय असते, अंगात मुरलेली, आणि आपण करतोय हे आपल्याला कळतही नाही. आणि हाच माणूस गायला लागला की अख्खा जबडा उघडून, ते सगळे दात पुढच्या रांगेला आणि कॅमेऱ्याला दाखवत गातोय! हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी टेप मागे नेऊन पुन्हा पुन्हा बघितली होती. गाताना त्याला दात आठवतच नाहीत.

त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर, नाही, चिकटवलेली गोष्ट नाही.

थोडी पार्श्वभूमी, पटकन सांगतो कारण बरीचशी तुम्हाला माहीत असेल. जन्म 5 सप्टेंबर 1946, झांझिबार, पारशी घर, नाव फारुख बुलसारा. आठव्या वर्षी बोर्डिंगला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये. (पाचगणी म्हटलं की आपल्याकडे लगेच 'म्हणजे तो आपलाच' सुरू होतं, मीही तरुणपणी करायचो, पण आठ वर्षांच्या पोराला आईबापापासून समुद्रापलीकडे ठेवलं तर ते मिरवण्यासारखं आहे का मला आता शंका येते.) तिथे बारा वर्षांचा असताना शाळेतल्या मुलांचा बँड झाला, द हेक्टिक्स, आणि हा त्यात पुढे उभा राहून गाणारा नव्हता, पियानोवर होता. 1964 मध्ये झांझिबारला क्रांती झाली आणि सगळं घर इंग्लंडला पळून आलं. मग ईलिंगला आर्ट कॉलेज, लंडनच्या केन्सिंग्टन मार्केटमध्ये रॉजर टेलरबरोबर (क्वीनचा पुढचा ड्रमर) जुन्या कपड्यांचा स्टॉल, आणि 1970 मध्ये क्वीन. म्हणजे वयाची पंचवीस वर्षं होईपर्यंत हा मनुष्य बहुतेक वेळ बाहेरून आलेला नवा मुलगाच होता, आधी बोर्डिंगमध्ये, मग नव्या देशात.

आता स्टेजकडे येतो. तुम्ही त्याच्या हातातली ती अर्धी काठी बघितली असेल, माइकचा स्टँड, पण खालचा गोल बूड नाही, नुसता दांडा. सुरुवातीच्या एका शोमध्ये स्टँड मधेच तुटला, तो तसाच अर्धा दांडा घेऊन गात राहिला, आणि मग आयुष्यभर तोच. लोक याला स्टाइल म्हणतात, आहेच स्टाइल, पण लाजाळू माणसाला विचारा, चार लोकांत उभं राहायचं तर सगळ्यात मोठा प्रॉब्लेम कुठला, तो सांगेल हात कुठे ठेवायचे हा. खिशात घातले तर उद्धट दिसतं, बांधले तर घाबरट. फ्रेडीला दांडा मिळाला. तो कधी गिटार, कधी तलवार, कधी चक्क काठी टेकतो तसा. माझी ही थिअरी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही, माझीच आहे, त्यामुळे पटली नाही तर सोडून द्या.

असा हा एकटा नाही बरं का. डोअर्स या अमेरिकन बँडचा गायक जिम मॉरिसन सुरुवातीच्या दिवसांत क्लबमध्ये प्रेक्षकांकडे पाठ करून गायचा. आर.ई.एम. या दुसऱ्या अमेरिकन बँडचा गायक मायकल स्टाइप चेहऱ्यावर केस घेऊन शब्द पुटपुटायचा, इतके की 1983 च्या त्यांच्या पहिल्या अल्बममधले शब्द नेमके काय आहेत यावर फॅन वर्षानुवर्षं भांडलेत. पण पाठ फिरवणं आणि पुटपुटणं हे मला समजतं, लाजाळू माणूस लपणारच. फ्रेडीचं वेगळं हे की तो लपला नाही, उलट समोरच्यांनाच कामाला लावलं, आणि फॅन लोकांचं जे काय आहे ते इथे आहे असं मला वाटतं.

13 जुलै 1985, लंडनचं वेम्बली स्टेडियम, लाइव्ह एड, म्हणजे दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीचा मोठा कार्यक्रम. साधारण 72,000 लोक, भर दिवसा, म्हणजे लाइटची जादू नाही काही नाही, आणि तो सगळा काही क्वीनचा प्रेक्षक नव्हता, त्या दिवशी तिथे डझनभर मोठी नावं होती. क्वीनला मिळाली एकवीस मिनिटं. मधेच तो बँडला थांबवतो आणि नुसता आवाज काढतो, 'एऽऽओ', लोक परत म्हणतात, तो जरा अवघड करतो, लोक तेही म्हणतात, आणि असं करत करत एक लांबच लांब सूर. आपल्याकडे कीर्तनात बुवा एक ओळ टाकतात आणि समोरून परत येते, तसंच, फक्त इथे शब्दच नाहीत, त्यामुळे कुणाला काही चुकायची भीतीच नाही. आता त्या गर्दीत असे किती असतील जे घरी बाथरूमची कडी लावूनच गातात? माझ्यासारखे? त्यांच्याकडून हा माणूस भर स्टेडियममध्ये गाऊन घेतोय आणि कुणी वळून बघत नाहीये कारण बाजूचाही तेच करतोय. डोक्यावर हात नेऊन एकसाथ टाळ्या वाजवायचं जे प्रसिद्ध दृश्य आहे ना, तेसुद्धा 1984 च्या 'रेडिओ गा गा'च्या व्हिडिओतून आलेलं, आणि त्या व्हिडिओत टाळ्या वाजवणारी गर्दी कोण, तर क्वीनच्या फॅन क्लबचेच मेंबर, शूटिंगला बोलावलेले. म्हणजे फॅनने केलं, फ्रेडीने वापरलं, दुसऱ्या फॅननी उचललं.

लाइव्ह एडच्याच वर्षी, 1985 च्या जानेवारीत, ब्राझीलमध्ये रिओला तर कमालच. 'लव्ह ऑफ माय लाइफ' हे गाणं मूळ 1975 चं, स्टेजवर मात्र तो आणि क्वीनचा गिटारिस्ट ब्रायन मे, एक गिटार, बस. दक्षिण अमेरिकेत त्याचं लाइव्ह रेकॉर्डिंग तुफान चाललं होतं. फ्रेडी गायला लागतो आणि मग थांबतो. पोर्तुगीज बोलणारी ती अफाट गर्दी इंग्रजीतलं ते गाणं शब्दन् शब्द म्हणतेय आणि हा नुसता हाताने दिशा दाखवतोय. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आहे ते बघा, विजयी वगैरे काही नाही, वाढदिवसाला सगळे आपल्यासाठी गायला लागले की कुठे बघावं कळत नाही ना, जवळजवळ तसं. माझी बायको फॅन वगैरे काही नाही, पण हे बघून ती म्हणाली, 'अरे हा तर बावरलाय.' मला इतक्या वर्षांत तो शब्द सुचला नव्हता.

आवाजाचंही सांगतो. 2016 मध्ये काही संशोधकांनी त्याच्या रेकॉर्डिंग्जचा अभ्यास केला, त्यात निघालं की बोलताना त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, बॅरिटोन, आणि गायचा मात्र वरच्या टेनरमध्ये. म्हणजे बोलणारा फ्रेडी आणि गाणारा फ्रेडी पट्टीनेसुद्धा वेगळे. आमच्या नाटकवाल्या मित्राला याचं अजिबात आश्चर्य वाटलं नाही, त्याचं म्हणणं, तोंडाला रंग लागला की घरात तोंडातून शब्द न काढणारी माणसं काय काय करतात ते विंगेत उभं राहून बघ एकदा.

आता फॅन लोकांची दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर आरती होईल. लाजाळू माणूस स्वतःबद्दल बोलत नाही, मुलाखती मोजक्याच देतो, त्यामुळे मधे मोठी जागा रिकामी राहते आणि ती आपण भरतो. आपल्याला वाटायला लागतं हा आपल्याला कळलाय. 1980 मध्ये त्याने केस कापून मिशी ठेवली तर अमेरिकेतल्या शोमध्ये लोकांनी स्टेजवर दाढीची रेझरं फेकली! प्रेमानेच हं, पण मिशी कुणाची, मत कुणाचं. शेवटच्या वर्षात तर तो आजारी आहे हे दिसत होतं आणि फोटोग्राफर घराबाहेर तळ ठोकून, आणि अशा माणसाला जे नको असतं नेमकं तेच. 23 नोव्हेंबर 1991 ला एड्स असल्याचं निवेदन आलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला, 45 वर्षांचा. मी तेव्हा चिडलो होतो, आम्हाला आधी का नाही सांगितलं म्हणून. आम्हाला! बघा म्हणजे. मी कोण? कॅसेट विकत घेणारा एक मुलगा.

अस्थी कुठे आहेत ते आजही जाहीर नाही, आणि मला वाटतं बरंच आहे. कारण लंडनच्या त्याच्या घराच्या भिंतीवर आणि दारावर फॅन इतकी वर्षं लिहीत राहिले, आणि 2023 मध्ये त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला तेव्हा ते लिहिलेलं दारच चार लाख पौंडांच्या वर गेलं. मिशी विंचरायचा एक चांदीचा छोटासा कंगवा दीड लाख पौंडांवर! ज्या मिशीवर रेझरं फेकली तिचा कंगवा. मी त्या बातमीवर एकटाच हसलो, मग जरा वाईट वाटलं.

पण एक गोष्ट आहे ज्यामुळे मला तो सगळ्यात जवळचा वाटतो, ती म्हणजे तो स्वतः पक्का फॅन होता. गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्सची चित्रं काढायचा. नंतर मोन्सेरात काबाये, स्पेनची ऑपेरा गायिका. 1983 मध्ये लंडनला ऑपेरा गायक पावारोत्तीला ऐकायला म्हणून गेला आणि ही गायला लागली तेव्हा वेडाच झाला. चार वर्षांनी बार्सिलोनात भेट ठरली, तोवर हा जगातल्या सगळ्यात मोठ्या स्टेडियममध्ये गाऊन आलेला, आणि तिला भेटायच्या आधी प्रचंड नर्व्हस! तिच्यासाठी केलेलं गाणं सोबत घेऊन गेलेला, आवडेल की नाही ही धाकधूक. तिला आवडलं, आणि दोघांनी मिळून अख्खा अल्बम केला, 1988 मध्ये आला. म्हणजे आपण त्याच्यासमोर जसे उभे राहिलो असतो तसाच तो तिच्यासमोर.

तर तुमचा दुसरा प्रश्न, जीव कुणावर, स्टेजवरच्यावर की घरातल्यावर. माझ्यापुरतं सांगायचं तर दोघांवर वेगवेगळा नाही. नुसता बिनधास्त माणूस असता तर मी टाळ्या वाजवून घरी गेलो असतो, असे बरेच आहेत, मजा येते, विसरायला होतं. आणि नुसता लाजाळू असता तर त्याची कॅसेटच आली नसती. तो एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो ना, ड्रेसिंग रूममधून माइकपर्यंत, ते जाणं मला दरवेळी दिसतं आणि दरवेळी पोटात गोळा येतो, पोहोचेल ना म्हणून, माहीत असतं पोहोचतो ते तरी.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर फेब्रुवारी 1990 चा ब्रिट अवॉर्ड्सचा, म्हणजे ब्रिटनच्या संगीत पुरस्कारांचा, व्हिडिओ शोधा. बँडला मोठा पुरस्कार आहे, बोलण्याचं काम ब्रायन मे करतो, फ्रेडी बारीक झालेला, बाजूला उभा, आणि शेवटी जाताना माइकपाशी थोडक्यात आभार आणि शुभरात्री, एवढंच. लोकांसमोर स्टेजवर तो शेवटचा. त्यानंतर एखादी बसून दिलेली जुनी मुलाखत, आणि मग रिओ. याच क्रमाने बघा, रिओ आधी बघितलंत तर मुलाखत पाच मिनिटांत बंद कराल, माझ्या भावाने तेच केलं.