आजोबांचं बेचाळीसचं चित्र हाती आलंय?

चित्र मिळालं म्हणून लगेच फ्रेमवाल्याकडे पळू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते कागदाला इजा न करता निघत नाही. ओलं फडकंही नको, जुनी शाई आणि जलरंग चटकन पसरतात.

आधी चित्राची पाठ बघा. मागचा पुठ्ठा, चिकटवलेली चिठ्ठी, दुकानाचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख. पुष्कळदा खरी माहिती तिथेच सापडते. खिडकीच्या तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पुठ्ठा बदलला तरी जुना टाकू नका.

आपल्या नागपुरात मोठा शत्रू म्हणजे कूलर. मे महिन्यात बाहेर ४५ अंश कोरडी आग आणि खोलीत वाळ्याचा ओलावा. कागद फुगतो, आक्रसतो, मग बुरशी धरते. कूलरच्या वाऱ्यात किंवा देवघराच्या धुरात चित्र टांगू नका.

आणि गोष्टही जपा. घरात 'चिमूरच्या लढ्यातलं' म्हणतात ना? मग आत्याला, मोठ्या काकांना आजच विचारा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. 'छोडो भारत' आंदोलनातला विदर्भातल्या चिमूर-आष्टीचा उठाव १६ ऑगस्ट १९४२चा, त्या दिवशी नागपंचमी होती. आत्याने सणाची आठवण सांगितली तर तारीख जुळवता येते. चित्र मागाहून आठवणीने काढलेलं निघालं तरी माझ्या लेखी त्याचं मोल तेवढंच, फक्त तशी नोंद करा. ऐकलेलं वेगळं लिहा, कागदावर सापडलेलं वेगळं.

रंगाचे पोपडे सुटत असतील तर घरी काही करू नका, चित्र आडवं ठेवा आणि कागद-चित्रांच्या प्रशिक्षित संवर्धकालाच दाखवा.