सायकलकट्टा : उद्या निघायचं, मग आज काय करायचं?

प्रश्न : ताई, नोव्हेंबरात आम्ही चौघं मित्र साताऱ्याहून सायकलने चिपळूणला निघतोय. उंब्रज, पाटण करत कोयनानगरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट उतरून खाली. दोघं सांगलीहून आणि एक पुण्याहून आदल्या दिवशी सकाळीच माझ्याकडे येतायत. अख्खा दिवस मोकळा आहे. एकाला यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचंय, दुसऱ्याला सज्जनगड बघायचाय. बाबा म्हणतात, गुमान घरी पडून राहा. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : बाबांचं अर्धं ऐक. घरी राहा, पण पडून राहू नका.

आधी कासचा निकाल लावू. नोव्हेंबरात तिथली फुलं आटोपलेली असतात आणि शहरातून पठारापर्यंत साधारण पाचशे मीटरचा चढ आहे. पाय मोकळे करायला एवढा घाट कशाला? मांड्यांमधला ग्लायकोजनचा, म्हणजे स्नायूंनी साठवलेल्या साखरेचा, साठा एकदा उपसला की भरायला जवळजवळ एक दिवस जातो. तुमच्या हातात एक रात्र.

सज्जनगडाला माझा विरोध त्याहून जास्त आहे. भाविकांनी रागावू नये. गाडी बरीच वर जाते, पण पुढे पायऱ्या आहेतच, आणि त्रास चढण्याचा नसतो, उतरण्याचा असतो. पायरी उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलतो. पेडल मारताना हे काम त्याला फारसं करावं लागत नाही, म्हणून पक्का सायकलवालासुद्धा गड उतरला की लंगडतो. ठणका लगेच लागत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लागतो. म्हणजे नेमका तुमच्या टूरमध्ये. समर्थांचं दर्शन परत आल्यावर घ्या. मित्रांना किल्ला दाखवायचाच असेल तर संध्याकाळी गाडीने अजिंक्यताऱ्यावर जा, वरून सगळा सातारा दिसतो.

दिवसाचं खरं काम सायकलींचं. सांगलीकर रेल्वेने येणार असतील तर सायकली सुट्या करून आणतील, आणि त्या अंगणात बसून जोडण्यात जी मजा आहे ती कुठल्या पॉइंटवर नाही. चहा, चेष्टामस्करी, एकच पाना चौघांत फिरतोय! फक्त एक सांभाळा : डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. गप्पांच्या नादात कुणी उजव्यासारखं फिरवून दामटलं, तर क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्यात बसतं त्याचे, आटे जातात आणि टूर शाहूपुरीतच संपते.

जोडून झालं की चौघंही संगम माहुलीला जाऊन या. कृष्णा-वेण्णेच्या काठावर बसा, जुनी देवळं बघा. जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर, तेही रमतगमत. पण पिशव्या भरून, उद्याच्या पूर्ण वजनासकट जा. कॅरिअरचा बोल्ट सैल होतो तो पहिल्या काही किलोमीटरमध्येच. टाच पिशवीला घासते का, तेही तेव्हाच कळतं. वजनासकट ब्रेक दाबून बघा. रिकामी सायकल जिथे थांबते तिथे भरलेली थांबत नाही, आणि कुंभार्ली घाटात, पायथ्याच्या पोफळीपर्यंतच्या उतारावर हे शिकायची वेळ येऊ नये. ब्रेकपॅड झिजलेले दिसले तर त्याच दुपारी बदला. सीट मात्र जुनीच राहू दे. पुण्याचा मित्र नवीकोरी गुबगुबीत सीट घेऊन येईलच, ती त्याला घरी ठेवायला सांग.

जेवणाचं म्हणशील तर दुपारी चापून जेवा, रात्री लवकर आणि हलकं. राजवाड्याच्या चौपाटीवर मित्रांना न्यायचा मोह होणार. जा, पण संध्याकाळी लवकर. रात्री दहाला झणझणीत अख्खा मसूर आणि रोट्या हाणून पहाटे सायकलवर वाकून बसायचं म्हणजे पोटाशी वैर. येताना कंदी पेढे घ्या. खवा चांगला भाजलेला असल्याने एक-दोन दिवस बाहेर टिकतात आणि चढावर पटकन साखर मिळते.

झोप लागली नाही तरी घाबरू नका, निघायच्या आदल्या रात्री ती कुणालाच नीट लागत नाही. त्याच्या आधीच्या रात्री भरपूर झोपा. सकाळी उजाडताच निघा, उंब्रजपर्यंत हायवे आहे. कडेने, एकामागे एक चला.

प्रश्न : मुलाचे मित्र सायकली घेऊन मुक्कामाला येणार आहेत. पहाटे उपाशी पाठवणं जिवावर येतं. काय करून देऊ?
– एक आई, सदरबझार, सातारा

उत्तर : वहिनी, पहाटे पाचला कुणाला भूक नसते, त्यामुळे ताट वाढून आग्रह करू नका. केळं आणि चहा पुरे. सोबत दशम्या आणि गुळाच्या पोळ्या बांधून द्या, कोरड्या. चटणीला तेल बेताचं, नाहीतर पिशवीतले कपडे तेलकट होतात. रात्री मऊ मुगाची खिचडी आणि ताक. सायकली घरातच घ्या. चेनखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरायला मुलांना सांगा, फरशीवरचे ग्रीसचे डाग सहजासहजी निघत नाहीत.